लायसनमध्ये पण कोणी नापास होते का बे?

बारावीत नापास झालो असतो तर लोकांनी समजून घेतलं असतं, एमपीएससीत लटकलो असतो तर उलट थोडा मानच मिळाला असता, पण हेवी लायसनच्या, म्हणजे मोठ्या ट्रकच्या टेस्टमध्ये नापास झालो म्हटलं की नागपूरजवळच्या आमच्या वाडीतले लोक आधी हसतात आणि मग संशयानं बघतात. "लायसनमध्ये पण कोणी नापास होते का बे?" हा प्रश्न मला पानठेल्यावर विचारून झालाय, गॅरेजवर विचारून झालाय, एका लग्नात तर नवरदेवाच्या काकानं हात धुता धुता विचारला. आपल्याकडं लायसन मिळतंच अशी एक श्रद्धा आहे, फोटो काढायला स्वच्छ शर्ट घालून गेलं की झालं, त्यामुळं ज्याला मिळत नाही त्याच्यातच काहीतरी खोट असणार, डोळे अधू, नाहीतर कोणाला काही दिलं नसेल.

बरं, माझं अडलंय असंही नाही. मी छोटा हत्ती, म्हणजे तो छोटा टेम्पो चालवतो, कळमना मार्केटातून माल उचलायचा आणि शहरातल्या दुकानांत टाकायचा. त्याला कारचंच लायसन पुरतं, ७५०० किलोपर्यंतच्या गाडीला वेगळं ट्रान्सपोर्टचं लायसन नको हे सुप्रीम कोर्टानं पण नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगून टाकलं. म्हणजे पोट भरतंय. पण नागपुरात राहून मोठ्या गाडीची हौस नसेल असं कसं होईल सांगा, श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा ४४ नंबरचा हायवे आपल्याकडून, सुरतेकडून पार ओडिशातल्या पारादीपला जाणारा ५३ नंबरचा पण आपल्याकडूनच, वाडीत नाहीतर कापसीला रात्री उभ्या असलेल्या गाड्यांच्या नुसत्या नंबरप्लेटा वाचत चाललं तरी अर्धा देश होतो. आणि कळमन्यात दहा चाकी आली ना, की हमाल माझा छोटा हत्ती तसाच सोडून तिकडं पळतात. ते बघून बघून डोक्यात बसलं.

गाडी पुढं तर सगळेच चालवतात, मला पण येते. फक्त सवय मोडावी लागते. कारमध्ये आपण पुढच्या चाकांच्या मागं बसतो, ट्रकमध्ये जवळपास चाकाच्याच डोक्यावर, म्हणून वळण आलं म्हणून वळवायची नसते, आपण स्वतः कोपऱ्याच्या पुढं निघून जायचं आणि मग स्टिअरिंग कापायचं, नाहीतर मागची चाकं फुटपाथवर. पहिले काही दिवस पोटात गोळा यायचा. चालू केली की लगेच निघता पण येत नाही, हवेचं प्रेशर भरेपर्यंत काट्याकडं बघत बसायचं, ते भरल्याशिवाय ब्रेक सुटत नाही. हे सगळं जमलं.

लटकतो मी रिव्हर्सला. मर्यादित जागेत डावीकडं नाहीतर उजवीकडं गाडी मागं घेता आली पाहिजे असं नियमातच आहे, आणि टेस्ट घेणारे आरटीओचे साहेब दरवेळी डावीकडचीच सांगतात. ड्रायव्हर उजवीकडं बसतो, डावी बाजू सगळी त्या एका लांबच्या आरशात, त्यात मागचं टोक वळायला लागलं की आरशात नुसता पत्राच पत्रा दिसतो, खांब कुठं गेला काही कळत नाही. आणि खरं सांगू का, रस्त्यावर असा एकटा रिव्हर्स कोण घेतो? खाली क्लीनर असतो. "आने दे, आने दे, आने दे" करत पत्र्यावर थाप मारतो, दोन थापा जोरात पडल्या की थांबायचं. ट्रक मागं घेणं हे दोन माणसांचं काम आहे आणि परीक्षा एकट्याची घेतात, हे मी ड्रायव्हिंग स्कूलच्या उस्तादला एकदा बोललो. ते म्हणाले, क्लीनर झोपला अन् मागं घ्यायची वेळ आली तर काय करशील? उठवीन म्हटलं. त्यावर ते बोललेच नाहीत माझ्याशी, थेट जेवणापर्यंत.

नापास झालं की सात दिवसांनी परत जाता येतं. तीनदा झालं की मात्र साठ दिवस थांबा, कायद्यातच आहे. ते साठ दिवस मी काढलेत, आणि ते टेस्टपेक्षा वाईट, कारण तेवढ्यात सगळ्या नात्यागोत्यात बातमी पोचते. बायको तर आता म्हणते, "अहो, यावेळी कोणाला सांगूनच नका जाऊ." प्रॅक्टिस अर्थातच मे महिन्यात आली. आता नवीन ट्रकच्या केबिनला एसी लागतो, १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या गाड्यांना तो नियम आहे, पण आमच्या स्कूलची गाडी त्या नियमाच्या आजोबांच्या काळातली. पंचेचाळीसचा पारा, बाजूला इंजिनचं तापलेलं झाकण, आणि उस्ताद म्हणतात घाई काहून करून राहिला.

ग्राउंडवर एक काका भेटले, मौद्याकडचे, पन्नाशीला आलेले. सगळी उमर क्लीनरकी केली. गाडी येत होती पण शिक्षण चौथी, आणि ट्रान्सपोर्टच्या लायसनला आठवी पास लागायचं. २०१९ मध्ये ती अट निघाली, तेव्हा कुठं त्यांनी आधी कारचं काढलं, मग वर्षभर थांबले, कारण हेवीच्या लर्निंगला कारचं लायसन वर्षभराचं तरी जुनं लागतं. माझ्या आधी त्यांचा नंबर होता. डावीकडं, एका दमात, खांबाला वीतभर सोडून गाडी आत. साहेबांनी पेन पण खाली ठेवलं नव्हतं अजून. मग माझं झालं ते झालं, आणि काका खाली उतरलेल्या माझ्याजवळ आले, म्हटलं आता हे पण तेच विचारणार. तर म्हणाले, "आरशात गाडी काहून पायतं बाबू, मागचं चाक पाय. चाक जाईन तिकडंच गाडी जाईन, पत्रा आपलाआपला येते." इतके दिवस मी पत्राच बघत होतो.

आधी मला सेटिंगवाल्यांचा राग यायचा, आता तेवढा येत नाही, थोडी भीती वाटते. पारडीकडं सकाळी तोंडाला स्कार्फ बांधलेल्या पोरी स्कुटीवर ट्रकच्या डाव्या बाजूनंच घुसतात, जिथं काही दिसत नाही तिथूनच. तिथं वर कोण बसलाय, काकांसारखा की माझ्यासारखा, हे त्यांना कसं कळावं. म्हणून साहेब लाल शेरा मारतात तेव्हा शिव्या देतो मी, मनातल्या मनात देतो, पण दुसऱ्या कोणाकडून पास व्हायची इच्छा होत नाही.

मंगळवारचा स्लॉट मिळालाय. रविवारी कापसीकडं मोकळ्या जागेत उस्ताद गाडी देणार आहेत, डिझेल माझं, डब्बा पण माझाच. मित्रांना यायचं असेल तर या, हसा पण पोटभर. फक्त खालून कोणी "आने दे, आने दे" ओरडायचं नाही, लगेच पाय ब्रेकवरून सुटतो माझा.