सहा नाणी, सहा रस
दहावीत संभाव्यतेचे प्रकरण सुरू झाले त्या दिवशी गणिताच्या बाईंनी फळ्यावर सूत्र न लिहिता टेबलावर सहा नाणी मांडली आणि ती एकदम फेकली तर बरोबर तीन छापे पडण्याची संभाव्यता किती, असे विचारले. छापे शून्य ते सहा पडू शकतात, म्हणजे शक्यता सात, तेव्हा उत्तर १/७, असे मी उभा राहून ठणकावून सांगितले. बाईंनी मला चूक म्हटले नाही. नाणी हातात देऊन ६४ वेळा फेकायला लावली आणि वहीत रेघा ओढायला सांगितल्या. माझ्या हिशेबाने तीनच्या रकान्यात नऊच्या आसपास रेघा हव्या होत्या, पडल्या अठरा.

मग बाईंनी भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तला (शके १०७२) षड्रसांचा प्रश्न घातला: सहा रसांतून एकेक, दोनदोन असे घेत किती चवी होतील? तीन रस क्रमाने निवडायचे तर ६ × ५ × ४, म्हणजे १२० प्रकार. पण आधी मीठ पडले की चिंच, याने चव बदलत नाही (आमच्या आईला हे कधीच पटले नसते), म्हणून ३ × २ × १ ने भागायचे आणि उरतात २०. अशा ६, १५, २०, १५, ६, १ मिळून ६३ चवी होतात, आणि एकही रस न घातलेली अळणी धरली की ६४. नाण्यांचेही तेच, कारण कोणती तीन नाणी छापा दाखवतील हे २० प्रकारे ठरते. म्हणून उत्तर २०/६४, म्हणजे ०.३१२५. सात शक्यता मी बरोबर मोजल्या होत्या, पण त्या सारख्या वजनाच्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मी घरातल्या सारीपाटाच्या सहा कवड्या घेऊन गेलो. कवडीच्या दोन बाजू सारख्या नसतात. ती उताणी पडण्याची संभाव्यता ‘प’ मानली, तर २० प्रकार तसेच राहतात, पण प्रत्येकाचे वजन १/६४ न राहता प³ × (१ − प)³ होते, आणि प ०.४ धरल्यास उत्तर सुमारे ०.२८ येते. याला द्विपद वितरण म्हणतात, हे पुढे बारावीत कळले. आमच्या कवड्यांचा ‘प’ मात्र ठरलाच नाही. हजार वेळा फेकायचे योजले होते, पण दोनशेच्या आतच आजीने डाव मांडण्यासाठी त्या परत मागितल्या.