मांडीवर नाही, सीटमध्येच
डिसेंबरात साताऱ्याहून पुण्याला निघालो, लेक दीड वर्षाची, कार सीटमध्ये, म्हणजे लहान पोरांना पट्ट्यांनी बांधून बसवायच्या वेगळ्या खुर्चीत, रडायला लागली तर सासूबाई म्हणाल्या, "अगं घे की मांडीवर, कशाला बांधून ठेवतीस लेकराला". नाही घेतलं. खंबाटकीचा बोगदा संपल्यावर ते एस वळण आहे ना, तिथं पुढच्या ट्रकनं कचकन ब्रेक मारला आणि मीच बेल्टवर आदळले, ती मांडीवर असती तर हातात राहिलीच नसती.

एवढ्याशा पोरांचं डोकं जड, मान नाजूक, म्हणून ही खुर्ची गाडीच्या मागच्या सीटवर, पोराचं तोंड मागच्या काचेकडं, म्हणजे धक्का सगळ्या पाठीवर पसरतो. थंडी असली तरी जाड स्वेटर काढूनच पट्टे आवळा, खांद्यापाशी पट्टा चिमटीत आला तर तो ढिला आहे. स्वेटर वरून पांघरायचा.