कडी बाहेरून लावली होती

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील, रात्रीचे अडीच वाजले होते, कुत्री भुंकायची थांबेनात म्हणून उठलो आणि दार उघडायला गेलो तर दार उघडेना. ओढलं, परत ओढलं, मग लक्षात आलं की कुणीतरी बाहेरून कडी घातलीय. ती दोन मिनिटं मी विसरणार नाही. आत आई, बायको, लेकरं, आणि बाहेर काय चाललंय ते काहीच कळंना. ग्रुपवर मेसेज टाकला तर पाठोपाठ सुरू झालं, आमची पण लागलीय, आमची पण लागलीय. आमच्या लाईनीतल्या सात घरांच्या कड्या लावून आठवं घर फोडलं होतं. त्या घरातले गुरुजी सहकुटुंब जिंतूरला लग्नाला गेलेले.

आम्ही परभणीत वसमत रोडच्या बाजूला राहतो, नवी प्लॉटिंग आहे, एका अंगाला घरं आणि दुसऱ्या अंगाला थेट काळं रान. खांब आहेत पण त्यातल्या निम्म्यांवर दिवे नाहीत, आणि शेवटचा रस्ता अजून मातीचाच.

शेजारच्या पोरानं ११२ लावला. फोन लगेच उचलला पण पुढून विचारलं कुठून बोलताय, तर हा सांगतोय पिठाच्या गिरणीमागं. आता ११२ चा फोन आपल्या ठाण्यात वाजत नाही, तो नवी मुंबई नाहीतर नागपूरच्या केंद्रात जातो आणि तिथून आपल्या जिल्ह्यातल्या गाडीला निरोप येतो, हे आम्हाला तरी कुठं माहीत होतं. तिथल्या माणसाला गिरणी काय कळणार? जिल्हा, गाव, कॉलनी, रोड या क्रमानं सांगायला पाहिजे. गाडी निघाली खरी, पण आमच्या कॉलनीला नावाची पाटी नाही, घरांवर नंबर नाहीत, त्यात संध्याकाळी पाऊस पडून गेलेला, ती गाडी मागच्या दोन कॉलन्या फिरून चिखलाच्या तोंडाशी थांबली आणि जमादार साहेब पायी आले. त्या रात्री मीही पोलिसांवर चिडलो होतो. पण पाटी लावणं तर आमच्याच हातात होतं ना.

त्यापेक्षा मोठी चूक पुढं झाली. कड्या निघाल्यावर, पोलीस यायच्या आधी, आम्ही वीस-पंचवीस जण त्या घरात शिरलो. काळजीपोटीच शिरलो, पण कुणी कपाटाला हात लावला, कुणी सांडलेलं सामान उचलून ठेवलं, आणि तुटलेलं कुलूप मी स्वतः हातात घेऊन बघितलं. सकाळी ठशांचे लोक आणि कुत्रं आलं, कुत्रं नाक्यापर्यंत गेलं आणि तिथंच घुटमळलं. कपाटावर ठसे सगळे आमचेच. म्हणून कळकळीनं सांगतो, घरफोडी झाली तर बाहेर थांबा, दार होतं तसं राहू द्या, घरातल्या माणसालासुद्धा पंचनामा होईपर्यंत आत जाऊ देऊ नका, मग तो कितीही रडू दे.

तक्रारीच्या वेळी गुरुजींचे फार हाल झाले. काकूंचं गंठण किती तोळ्याचं होतं, हे नक्की सांगता येईना, पावती सापडेना, फोटो फक्त लग्नातले. मी सोबत होतो. आता आमच्या घरी दागिन्यांच्या पावत्यांचे आणि गाडीच्या कागदांचे फोटो काढून ठेवलेत, मोबाईलचा आयएमईआय नंबर वहीत लिहिलाय. आणि एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते, तो हक्क आहे, ती घेतल्याशिवाय उठू नका.

त्यानंतर आम्ही पोरं रात्री गस्त घालायला लागलो. ग्रुपवर रोज नवीन मेसेज, अमुक ठिकाणी टोळी आलीय, तमुक ठिकाणी पकडले, कुठला व्हिडिओ कुठला ते कुणी बघत नव्हतं. २०२४ च्या पावसाळ्यात बीड-जालन्याकडं रात्री ड्रोन दिसायलेत म्हणून गावंच्या गावं जागी होती ते आठवत असेल, तसंच वातावरण झालेलं. आणि चौथ्या-पाचव्या रात्री, साडेबाराच्या सुमाराला, रानाकडून बॅटरी घेतलेला एक माणूस येताना दिसला. कुणीतरी ओरडलं, पंधरा जण धावले, काठ्या होत्या. तो पोरगा थरथर कापत एवढंच म्हणत होता, "मोटार चालू कराया आलतो ओ दादा."

शेजारच्या शेतातला सालगडी होता तो, पाडव्यापासून कामाला. शेतीची लाईट त्या आठवड्यात रात्री बाराला येत होती, हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं. एकानं त्याची गचांडी धरली होती, दुसऱ्यानं काठी उचलली होती. कोपऱ्यावरचे रिटायर झालेले काका मध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "लेकराहो, आधी मला मारा." बस, तेवढ्यावर थांबलं.

मला घरी येऊन झोप लागली नाही. डोळ्यासमोर राईनपाडा येत होतं. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं साक्री तालुक्यातलं ते गाव, मुलं पळवणारी टोळी अशी अफवा, आणि मंगळवेढ्याकडून भिक्षा मागायला आलेली पाच माणसं जमावानं ठेचून मारली. मारणारे काही दरोडेखोर नव्हते, आपल्यासारखेच लोक होते, आपल्यासारखेच घाबरलेले. आमच्या त्या पोराला एक काठी बसली असती तर पुढच्या चौदा बसायला किती वेळ लागला असता?

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं ठाण्यात गेलो आणि जे झालं ते सगळं सांगितलं. बोलणी बसतील असं वाटलं होतं, पण साहेबांनी बसवून घेतलं. ते म्हणाले की गंभीर गुन्हा करताना कुणी तुमच्या डोळ्यासमोर सापडला तर त्याला धरता येतं, पण मारता येत नाही, आणि सहा तासांच्या आत आमच्या ताब्यात द्यायचा, नव्या कायद्यात तसं लिहिलंय. नुसता संशय आला तर लांबून बघा, गाडीचा नंबर टिपा, फोन करा. बीट अंमलदाराचा, म्हणजे आमच्या भागावर नेमलेल्या पोलिसाचा, नंबर दिला, गस्तीला जाणाऱ्यांची नावं लिहून घेतली. आपली एक अडचण त्यांनीही सांगितली, रात्रपाळीला माणसं कमी आणि हद्द मोठी, त्यात गावाला जाणारा कुणी कळवत नाही, मग गस्तीच्या गाडीनं बंद घर ओळखायचं कसं?

आता गस्त दोघा-दोघांची असते, बॅटरी आणि शिट्टी, काठी नाही. कुणी गावाला चाललं तर ग्रुपवर टाकायचं नाही, बीट अंमलदाराला आणि बाजूच्या घराला सांगायचं. कॅमेरे दोन बसवले, रेकॉर्डिंगचा डबा दर्शनी घरात न ठेवता आतल्या खोलीत ठेवला, कारण तो डबाच उचलून नेतात असं ठाण्यात सांगितलं. ग्रुपवर व्हिडिओ टाकायचा असेल तर तारीख-ठिकाण सांगा, नाहीतर काढून टाका, यावर दोघं रुसून ग्रुप सोडून गेले, जाऊ द्या. दिव्यांसाठी महापालिकेत अर्ज दिलाय, अजून लागलेले नाहीत, दर सोमवारी कुणीतरी विचारायला जातंच.

गुरुजींचं सोनं मिळालेलं नाही. काकू अजून रात्री दोनदा उठून दार बघतात.

आम्ही पण कडीच्या कोयंड्याला बाहेरून छोटं कुलूप अडकवून ठेवतो, म्हणजे कुणाला कडी सरकवता येत नाही. त्या सालगड्याच्या शेतमालकाचा नंबर आता गस्तीच्या वहीत आहे, लाईटची पाळी बदलली की तो फोन करतो. परवा रात्री माझी पाळी होती, पोरगा बॅटरी हलवत बांधावरून गेला, मी पण बॅटरी हलवली. चहाला ये म्हणालो, तो आला नाही. लांबूनच नको म्हणाला.