कूलर बंद करून बसा

नातवंडं नागपूरला येतात ती मे महिन्यात. बाहेर पारा ४५ च्या पुढे, आजी कूलरसमोरच्या दिवाणावर आडवी, आणि एखादं हौशी नातवंड तिच्यापुढे मोबाईल धरून म्हणतं, "आजी, जुन्या गोष्टी सांग ना." ती सांगतेही भरभरून. पुण्याला परतल्यावर ऐकायला घ्यावं तर वाळ्याच्या ताट्यांवरून गळणारं पाणी, पंख्याची घरघर, आणि त्यामागे कुठेतरी आजी. कूलर बंद करावा तर ती पाच मिनिटांत घामाघूम होऊन म्हणणार, "जाऊ दे ना बापा, उद्या बसू."

त्यामुळे या कामाचा नागपुरी हंगाम म्हणजे दिवाळी ते संक्रांत. सकाळी दहाच्या सुमाराला म्हातारी माणसं आंगणात ऊन खात बसलेली असतात. चहा झालेला, जेवणाला वेळ. फोन घडी केलेल्या टॉवेलवर, त्यांच्यापासून हातभर अंतरावर ठेवावा. स्टीलच्या ताटाजवळ नको, ताटाला बोट लागलं तरी रेकॉर्डिंगमध्ये घण पडतो. नेट बंद करावं. आणि वीस-पंचवीस मिनिटांत उठावं. थकलेलं माणूस आपण जे विचारू त्याला "हो, तसंच होतं" म्हणू लागतं. घराण्याचा खोटा इतिहास बहुधा याच "हो"मधून तयार होतो.

नुसतं समोर बसवलं तर आजी गप्प. हाताला काम दिलं की तोंड सुटतं. वाती हे त्यातलं उत्तम काम. सरकी काढलेला कापूस मांडीवर घ्यायचा, चिमटीने पिंजायचा, बोराएवढा पुंजका तळहातावर पसरायचा, त्याच्या कडा वर गोळा करायच्या आणि दुधाचं बोट लावून शेंडा पिळायचा. झाली फुलवात. दूध जास्त झालं तर शेंडा गोळा होतो आणि पेटताना तडतडतो. शंभर वाती होईस्तोवर तिच्या माहेरची निम्मी गल्ली बोलून झालेली असते. वाटाणे सोलणंही चालतं. तांदूळ मात्र नकोत, निवडायचे तर नजर तिथेच लावावी लागते आणि गोष्ट खड्यापाशी अडते.

आता मुख्य गोष्ट. सन विचारू नये. "कोणत्या साली?" म्हटलं की आजीला शाळेत उभं केल्यासारखं होतं, आणि ती काहीतरी ठोकून देते. तिच्या आठवणी सनावर टांगलेल्या नसतातच. "राजधानी गेली तवा तुया बाप पाळण्यात होता," हे तिचं साल. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी; १ नोव्हेंबर १९५६ ला ते राजधानीपण गेलं, कारकुनांची बिऱ्हाडं भोपाळला हलली. त्याच्या अठरा दिवस आधी, दसऱ्याला, १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवरचा धम्मदीक्षेचा सोहळा झाला. ज्या घरांनी त्या दिवशी दीक्षा घेतली त्यांच्याकडे तर काळाचे दोनच भाग, त्याच्या आधीचा आणि नंतरचा. नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ ला, म्हणजे भाजी आण्यात घेतलेली आठवते की पैशांत, यावरून नव्या सुनेचं घरात येणं त्याच्या आधीचं की नंतरचं हे साधारण बांधता येतं. आजोळ मालगुजाराचं, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराचं, असेल तर मालगुजारी गेल्याची खूण पक्की, ती १९५१. नरखेडकडच्या माणसांना मोवाडचा पूर, ३० जुलै १९९१.

तिथी सांगितली तर सोनंच समजावं. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाली, मारबत जात होती" (मारबत म्हणजे त्या दिवशी नागपुरात मिरवणुकीने नेतात तो पुतळा) म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदा. वारही बरेचदा लक्षात असतो, कारण वाराला उपास चिकटलेला असतो. संशयातली चार-पाच वर्षं घेऊन जुन्या पंचांगात तिथी आणि वार जुळतात का पाहिलं की बहुतेकदा एकच साल उरतं. अधिक महिना निघाला तर आणखी सोपं. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा अधिक श्रावण चालू होता. तोच २००४ ला आणि २०२३ लाही आला, कारण तिथी आणि तारीख दर एकोणीस वर्षांनी जवळपास जुळतात. जन्मपत्रिकेतल्या शकात ७८ मिळवायचे हे सगळ्यांना पाठ असतं. पण जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९ मिळवावे लागतात, हे विसरून माघात जन्मलेले किती आजोबा वर्षभराने म्हातारे झाले असतील कोण जाणे. शाळेच्या दाखल्यावरच्या १ जून किंवा १ जुलैवर विसंबू नये. ती गुरुजींनी पोराला वर्गात बसवण्यापुरती लिहिलेली तारीख.

नात्यांच्या शब्दांत फसगत ठरलेली. "मोठी आई" कोणाच्या तोंडी आजी, कोणाच्या तोंडी थोरली काकू. लगेच विचारावं, "ती आबाजींची कोण?" बायकांची नावं तर लग्नात बदललेली. माहेरची चंद्रभागा सासरी सुशीला होते आणि दोन वेगळ्या बाया म्हणून वंशावळीत बसते. माहेरचं नाव, गाव आणि भावाचं नाव, ही तीन एका ओळीत लिहिली नाहीत तर पुढच्या पिढीला ती सापडायची नाही.

स्वयंपाक विचारायचा तर तोंडी विचारूच नये. गोळाभाताला डाळीचा भरडा किती? "मूठभर." मोहन? "बेतानं." तिला भरडा घ्यायला लावावा आणि ती मूठ भांड्यात पडण्याआधी काट्यावर धरावी. तिची मूठ बारीक असते, नातवाने आपल्या मुठीने घेतलं की गोळे तांदळापेक्षा वरचढ होतात. भरड्यात तिखट, हळद, हिंग, मीठ आणि कडकडीत तेल घालून पाण्याच्या हबक्याने गोळे वळायचे. भात अर्धा शिजून पाणी वर दिसेनासं झालं की ते त्यात खोचायचे. पाणी असताना टाकले तर विरघळून भाताची पिवळी खिचडी होते, मोहन कमी पडलं तर घशात अडकतात. हे "कधी" तिच्या बोलण्यात कधीच येत नाही, ती झाकण उचलून नुसती पाहते. म्हणून तिच्या तोंडापेक्षा हाताकडे लक्ष द्यावं.

थोडा हिशेब. नव्वदीची आजी १९३५ च्या आसपासची. ती जिच्या मांडीवर बसली ती तिची आजी १८७८ च्या आगेमागे जन्मलेली, आणि तिची आजी १८२० च्या. नागपूरचे भोसले राजे तिसरे रघूजी यांचं निधन डिसेंबर १८५३ मध्ये झालं आणि पुढच्या वर्षी डलहौसीने नागपूरचं राज्य खालसा केलं, तेव्हा ती बाई तिशीतली, पोराबाळांची होती. महालातला भोसल्यांचा वाडा आज पाटी वाचून पाहायचा. पण राजा असलेलं नागपूर पाहिलेल्या बाईपासून आंगणातल्या या आजीपर्यंत अंतर फक्त दोन मांड्यांचं.

राहता राहिले फोटो. मागे बॉलपेनने लिहू नये. दाब पुढच्या चेहऱ्यांवर उमटतो आणि शाई दुसऱ्या फोटोला लागते. मऊ पेन्सिलीने, कडेला, डावीकडून क्रमाने लिहावं. उभे, बसलेले, मांडीवरचे. ज्यांचं नाव सुचत नाही त्यांच्यापुढे रेघ सोडावी, अंदाजाने भरू नये, चार दिवसांनी वाती वळताना ते नाव आपसूक निघतं. अशा बहुतेक फोटोंत एका कडेला कोणाचा तरी अर्धा पदर येतो, चौकटीबाहेर उभ्या राहिलेल्या बाईचा. तो कोणाचा हे सांगणारं माणूस सध्या रोज दहा वाजता आंगणात बसतं.