कीलची होडी घ्यायला गेलो होतो

भोसरीत नट-बोल्टांमध्ये बावीस वर्षं गेली. त्यामुळेच असेल, मुंबईतल्या त्या यार्डात मी शीड, डोलकाठी सोडून आधी बोल्टच बघायला वाकलो. २४ फुटी जुनी कीलबोट, म्हणजे पोटाखाली जड पातं असलेली शिडाची होडी, लोखंडी स्टँडवर उभी होती. मे संपत आलेला, पाऊस लागायच्या आत होड्या बाहेर काढायची गडबड. पोटाखाली बिडाची कील माशाच्या परासारखी लोंबत होती, आणि ती जिथे होडीला जोडलेली, त्या सांध्यातून तांबूस ओघळ आले होते. "वरवरचा गंज आहे," मालक म्हणाले. मी मान हलवली. स्टेनलेसचा बोल्ट हवेत उत्तम टिकतो, पण सांध्यात खारं पाणी कोंडून हवा तुटली की आतल्या आत खाल्ला जातो. वर नट चकचकीत, मधे कंबर गेलेली. कील उतरवून बोल्ट बाहेर काढल्याशिवाय खात्री नाही, आणि कील उतरवायची म्हणजे परत क्रेन.

हे वेड लागलं ते पवना धरणावर. आमच्याच सोसायटीत राहणारे कर्नलकाका एनडीएत असताना खडकवासल्याच्या पाण्यात, पीकॉक बेमध्ये, शीड हाकायला शिकले. त्यांनीच मला पवनेवरच्या एका केंद्रात नेलं. दोन हंगाम मी छोट्या होड्यांवर काढले. एका दुपारी सहा वेळा उलटलो. सहाव्यांदा पाण्यात पोहत होडीच्या फळीवर चढताना ठरवून टाकलं, आपल्याला कीलवालीच पाहिजे.

कारण साधं आहे. वारा बाजूने आला की होडी पुढे जायच्याऐवजी आडवी सरकायला बघते. ते सरकणं थांबवायला पाण्यात काहीतरी उभं लागतं. छोट्या होडीत ती नुसती फळी असते, वर ओढून घेता येणारी. तिच्यात वजन नाही. वाऱ्याविरुद्धचं वजन म्हणजे तुम्ही स्वतः, काठावर बाहेर लोंबकळून. कील दोन्ही कामं करते: सरकू देत नाही, आणि खाली शिसं किंवा बीड असल्यामुळे कललेली होडी परत उभी करते. शिसं त्यात सरस. तेवढंच वजन कमी जागेत आणि जास्त खाली बसतं. आपल्या कोकणातले सुतार गलबताच्या कण्याला पठाण म्हणतात, पण तो नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागपर्यंत सलग. आताची कील म्हणजे मधेच खाली सोडलेलं पातं. लांब पठाणवाली होडी सरळ चालते, वळायला आळशी. पात्याची चटकन वळते, पण गाळात रुतली की सगळा भार त्या चार-सहा बोल्टांवर.

"ठेवणार कुठे?" काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मी म्हटलं, ते बघू.

तर ते बघायला तीन महिने गेले. साधारण चार फूट पाणी कीललाच लागतं. पवनेत पावसाळ्याअखेर ते आहे. पण पिंपरी-चिंचवड त्याच पाण्यावर जगतं, उन्हाळ्यात काठ रोज मागे जातो आणि मे महिन्यात जिथे होडी बांधली होती तिथे म्हशी बसलेल्या असतात. पवना बाद. मुंबईत बंदराच्या पाण्यात होड्या बोयाला, म्हणजे तळाशी अडकवलेल्या तरंगत्या पिंपाला, बांधून असतात. म्हणजे बोयाचं भाडं, तिथवर न्यायला दुसरी छोटी होडी, लक्ष ठेवायला माणूस, क्लबचं सभासदत्व. पावसाळ्याआधी क्रेनने बाहेर, पावसाळ्यानंतर क्रेनने आत. बुडाला शंख-शिंपले धरू नयेत म्हणून दरवर्षी वेगळा रंग. मी एक्सेलमध्ये मांडलं. टोल आणि वडापाव धरूनसुद्धा. दोन वर्षांचा खर्च होडीच्या किमतीच्या पुढे गेला. होडी इतकी स्वस्त का, ते तेव्हा उमगलं.

खरी मरिना, म्हणजे धक्क्याला गाडीसारखी होडी लावायची, नळ आणि वीज हाताशी, अशी केरळात कोचीजवळ बोळगट्टी बेटावर आहे. मरिनावाले लांबीवर भाडं लावतात, आणि लांबी मोजताना पुढचा नांगराचा रोलर, मागची शिडी, सगळं धरतात. दोन पोटांच्या कॅटामरानला दीडपट आकारणी ही सर्रास चाल. पण पुण्याहून कोची हजार किलोमीटरच्या वर. शनिवारी दुपारी निघून रविवारी संध्याकाळी घरी, हे जमणारं नाही.

वाऱ्याचंही गणित मी चुकवत होतो. मुंबईत पहाटे मतलई वारा असतो, मग मधे पडतो, आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा भरतो. एकदा भरला की संध्याकाळपर्यंत एकसारखा. असल्या वाऱ्यात कील शोभते. पवनेचा वारा घाट ओलांडून येतो आणि तुंग, तिकोना, लोहगड यांना अडखळत पाण्यावर उतरतो. सकाळी आरसा. दुपारी एकदम झोत, आणि दिशा दोन मिनिटांत बदललेली. पाण्यावर काळसर डाग पळत येताना दिसला की दोर सोडायची तयारी ठेवायची, हे मला सहा डुबक्यांनंतर कळलं. इथे हलकी, उलटली तर एकट्याने सरळ करता येणारी होडीच बरी. बुडवणाऱ्या वाऱ्यावर राग धरून मी चुकीची होडी मागत होतो.

शेवटी जुनी लेझर घेतली, म्हणजे एकट्याने हाकायची छोटी शिडाची होडी. १४ फुटांहून थोडी कमी, रिकामी होडी ५९ किलो, डोलकाठीचे दोन तुकडे होतात. केंद्रामार्फत पाण्यात उतरवायची परवानगी काढताना एका कार्यालयात विचारलं, "इंजिन किती एचपी?" म्हटलं, नाही. "रकाना रिकामा चालत नाही." मी शून्य लिहिलं. साहेबांनी शून्याभोवती गोल केला आणि कागद पुढच्या टेबलावर गेला. तिथे अकरा दिवस राहिला.

हंगाम संपल्यावर होडी घरी आणली आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठेवली, तर कमिटीची बैठकच बसली. सचिव म्हणाले, चारचाकीची जागा अडते, चारचाकीचे पैसे. मी म्हटलं, चाकं मोजा. होडीखालच्या ढकलगाडीला दोनच आहेत. कर्नलकाका मागच्या खुर्चीवरून म्हणाले, "आणि गाडी काढली तर एकही नाही. मग काय लावणार?" खजिनदारांनी बराच वेळ चष्मा पुसला. पावतीवर आता दर तिमाहीला छापून येतं: दुचाकी, एक (होडी).

डोलकाठीचे दोन तुकडे गॅलरीत आहेत. त्यातल्या खालच्यावर सध्या पडदे वाळतायत.