अँबी अपडेट: पाचर बसली, थरथर गेली, क्राउन-पिनियनचं घोडं मात्र अडलेलंच

माझ्या अँबीला (अँबेसेडरला) ताशी सत्तर किलोमीटरला होणारी थरथर गेली. काल परतवाडा-अमरावती रस्त्यावर गाडी साठ, सत्तर, ऐंशीपर्यंत नेली. आरशात मागचा ट्रक हलत नव्हता आणि डॅशवर ठेवलेला पाना जागचा सरकला नाही. गेल्या अपडेटनंतर ज्यांनी टायर, फाउंडेशन (इंजिनाचे रबरी आधार), क्लच प्लेट असे सल्ले दिले, त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितोय. दुखणं यातल्या एकातही नव्हतं.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात: मार्क 2 अँबेसेडर, पुढून-मागून खाली बसवलेली. इंजिन इसुझू 1817 सीसी, सोबत त्याचाच पाच गिअरचा बॉक्स, दोन्ही हिंदुस्तान मोटर्सच्याच कॉन्टेसा गाडीतून काढलेले. मागचं हाउसिंग (मागच्या चाकांचा धुरा; त्यात पिनियन हा छोटा आणि क्राउन हा मोठा गिअर मिळून चाकं फिरवतात) अँबीचं मूळचंच. इसुझूच का, हे पुन्हा सांगतो, कारण दर वेळी कुणीतरी क्वालिसचं डिझेल सुचवतं. नव्वदच्या दशकात हिंदुस्तान मोटर्सनेच अँबेसेडरमध्ये हे इंजिन दिलं होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52मुळे आरसीवरची नोंद आणि गाडीतलं इंजिन यांत तफावत चालत नाही. एमएच 27च्या (अमरावतीच्या) आरटीओ कार्यालयात फाइल घेऊन उभं राहताना "हे इंजिन याच गाडीत कंपनीतून येत होतं" असं म्हणता येणं मला फार मोलाचं वाटतं. शिवाय चालवायला गोड इंजिन आहे. जुन्या 1489 सीसी बी-सिरीजबद्दल मला प्रेम आहे, पण घाटात ते दमतं.

आता थरथर. साठपासून सुरू व्हायची, सत्तरला सीटच्या खालून घुमायची. तिसऱ्यात सत्तर, चौथ्यात सत्तर, दोन्हीकडे तीच. न्यूट्रल करून गाडी सोडली तरी राहायची, फक्त थोडी हलकी व्हायची. म्हणजे इंजिन आणि क्लच संशयातून सुटले. गाडीच्या वेगाला बांधलेली गोष्ट, म्हणून प्रोपेलर (गिअर बॉक्सपासून मागच्या हाउसिंगपर्यंतचा लांब शाफ्ट), हाउसिंग नाहीतर चाकं. चाकं मागची पुढे, पुढची मागे करून झाली. शाफ्ट नागपूरला हिंगण्याच्या एमआयडीसीत मशीनवर बॅलन्स करून आणला. क्रॉस (शाफ्टाच्या दोन टोकांचे, कोनात फिरू देणारे सांधे) नवे टाकले. (क्रॉस घेताना स्पायसरचेच घ्या आणि ग्रीस निप्पलवालेच घ्या. स्वस्तातल्या क्रॉसच्या सुया बोटाने फिरवल्या तरी अडकतात.) थरथर तिथंच.

आमच्या गावचे लेथवाले काका रोटाव्हेटरचे शाफ्ट दुरुस्त करण्यात पटाईत आहेत. त्यांनी शाफ्ट लेथवर चढवला, डायल लावला आणि म्हणाले, "भाऊ, शाफ्ट सरळ हाये. कायले पैसे घालवता? आमचा रोटाव्हेटरचा शाफ्ट याच्याहून किती वाकडा फिरते, त्याले काई होत नाई." या वाक्यानेच गाडं पुढे सरकलं. रोटाव्हेटरचा शाफ्ट खरंच वाकडा फिरतो, पण त्याला फिरवणारा ट्रॅक्टरचा पीटीओ (मागचा दांडा) फिरतो मिनिटाला 540. माझा प्रोपेलर सत्तरला किती फिरतो? 205/65 आर 15 टायरचा घेर 2.03 मीटर. सत्तरला चाक मिनिटाला 575 वेळा फिरतं. माझ्या हाउसिंगमध्ये क्राउनचे दात 41, पिनियनचे 9, म्हणजे रेशो 4.55 (चाकाच्या एका फेरीला प्रोपेलरच्या तेवढ्या फेऱ्या). प्रोपेलर झाला 2,600च्या वर.

क्रॉसचा स्वभाव असा की, कोन असला तर एका बाजूने एकसारखा वेग दिला तरी दुसऱ्या बाजूला तो एका फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा घटतो. दुसरा क्रॉस तेवढ्याच कोनात आणि दोन्ही योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत असले, तर तो हा चढउतार पुसून टाकतो. कोन वेगळे असले तर उरलेला चढउतार हाउसिंगमध्ये जातो. आणि त्याचा धक्का वेगाच्या वर्गाने वाढतो. 540 आणि 2,600 यांत वेग पावणेपाच-पाच पट, धक्का तेवीस-चोवीस पट. ट्रॅक्टरला जे जाणवतही नाही, ते अँबीच्या सीटखाली घुमतं. काकांना हा हिशेब पाटीवर मांडून दाखवला. त्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, "मंग कोन मोजा ना, शाफ्ट काऊन मोजता?"

मोजले. हे करताना एक गोष्ट पाळाच: गाडी चाकांवर उभी हवी. जॅकवर हाउसिंग लोंबत असताना मोजलेले आकडे फेकून द्यायचे. आमच्या शेडमध्ये खड्डा आहे, त्यात उतरून चुंबकाचा डिजिटल अँगल गेज लावला. गिअर बॉक्सची शेपटी 4 अंश खाली, कारण संप (इंजिनाखालची तेलाची टाकी) पुढच्या क्रॉसमेंबरवरून जायला इंजिनाचं नाक वर ठेवावं लागलंय. शाफ्टाचा उतार दीड अंश. पिनियनचं नाक फक्त 1 अंश वर. म्हणजे पुढच्या क्रॉसला अडीच अंश, मागच्याला अर्धा. हाच तो चोर! अडीच अंश काही जास्त नाही, तीनपर्यंत लोक बिनधास्त चालवतात. पण मागे त्याला पुसणारं कुणी नव्हतं.

इंजिन खाली आणता येत नाही, म्हणून पिनियनचं नाक वर करायचं. बॉक्सला समांतर करायचं तर 4 अंश हवेत. पण पाट्यांवरचं (पट्ट्यांच्या स्प्रिंगांवरचं) हाउसिंग रेस दिली की स्वतःच नाक वर उचलतं, त्यामुळे थोडं खाली सोडावं लागतं. सॉफ्ट पाट्यांना एक-दोन अंश सोडतात. माझ्या पाट्यांत एक जादा पान आहे, म्हणून अर्धाच सोडला. म्हणजे अडीच अंशाची पाचर.

अॅल्युमिनियमच्या पाचरी तयार मिळतात, पण मला त्यांचा भरवसा नाही. यू बोल्टच्या दाबाखाली आणि आपल्या रस्त्यांवर त्या चिरतात. काकांनी लोखंडी पट्टीतून शेपरवर काढल्या: लांबी 150 मिलिमीटर, बारीक टोक 3, जाड टोक साडेनऊ. पाटा खाली, हाउसिंग वर, म्हणून जाड टोक गाडीच्या पुढच्या बाजूला. सेंटर बोल्टचं डोकं पाचर ओलांडून बैठकीच्या भोकात पोचायला हवं, नाहीतर हाउसिंग पाट्यावर सरकेल. जुनं डोकं पुरत नव्हतं, म्हणून नवे लांब बोल्ट आणि थोडे लांब यू बोल्ट केले. सोयाबीनची सोंगणी सुरू आहे, हडंब्यांची (मळणीयंत्रांची) कामं रांगेत आहेत, आणि थ्री-फेज लाइट रात्रीच येतो. तरी काकांनी माझ्या पाचरी मध्ये घेतल्या. त्यांचे उपकार आहेत.

बसवल्यावर पिनियन साडेतीन अंश. आणि मग कालची चक्कर.

मधली एक छोटी मजा सांगतो. कॉलम शिफ्ट गेल्याचं दुःख होतं, पण फ्लोअर लिव्हर बेंच सीटच्या काठाला न घासता आता पाचव्यात जाते. लिव्हर चुलीवर गरम करून वाकवली आणि टोकावर जुना कॉलमचा हस्तिदंती रंगाचा नॉब बसवला. पाचव्यात टाकली की नॉब बरोबर मांडीशी येतो. दिवसभर नुसतं गिअर टाकत बसावंसं वाटतं.

आता अडलेलं घोडं. मला मागे लांब रेशो (आकडा लहान, म्हणजे त्याच वेगाला प्रोपेलर कमी फिरतो) हवा होता. एका दुकानदाराला फोनवर "थ्री पॉइंट नाइन क्राउन-पिनियन" सांगितलं, त्याने "आहे, 39वाला" म्हणत पाठवला. पेटी उघडून दात मोजले: क्राउन 39, पिनियन 8. म्हणजे 4.875, माझ्याकडच्या 4.55 पेक्षाही आखूड. माल परत घ्यायला तयार नाही, वाहतुकीचा खर्चही माझ्याच डोक्यावर. मला हवेत 43 आणि 11, म्हणजे 3.909. सुरुवातीच्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारला हाच रेशो होता, आणि आपलं हाउसिंग त्याच बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) घराण्यातलं. मात्र साइड शाफ्टचे (हाउसिंगमधून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्यांचे) स्प्लाइन म्हणजे टोकाच्या खाचा आणि क्राउन धरणारा कॅरिअर हातात घेऊन जुळवल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही.

लांब रेशो एवढा का हवा? समृद्धी महामार्गासाठी. तिथं 120ची मर्यादा आहे आणि ती गाठता यायला हवी. पाचव्यात इंजिनाला आराम मिळतो, पण प्रोपेलरला मिळत नाही. प्रोपेलरला गिअर कळत नाही, त्याला फक्त चाकाचा वेग आणि मागचा रेशो कळतो. 4.55ला 120 म्हणजे प्रोपेलर 4,490. माझा शाफ्ट अडीच इंची नळीचा, क्रॉस ते क्रॉस 52 इंच. त्याचा घातक वेग, जिथं नळी स्वतःच मधून धनुष्यासारखी वाकू लागते, तो सहा हजारांच्या जरा आत. तीन-चतुर्थांशाच्या वर जायचं नाही असा नियम धरला तर मर्यादा 4,450च्या आसपास. म्हणजे 120 बरोबर काठावर. 3.909ला तोच आकडा 3,850 होतो, मग निवांत.

म्हणून ठरवलं होतं की रेशो मिळेपर्यंत पिकअपसारखा दोन तुकड्यांचा शाफ्ट, मध्ये सेंटर बेअरिंग. पण हे आकडे इथं मांडता मांडता दुसरंच डोक्यात आलं. नळी तीन इंची केली तर? घातक वेग व्यासाबरोबर वाढतो, म्हणजे वीस टक्के वर, सात हजारांच्या पुढे. तीन-चतुर्थांश धरला तरी 5,300. 4.55 रेशोवरही 120 आरामात. सेंटर बेअरिंग नको, तिसरा क्रॉस नको, तिसरा कोन जुळवत बसायला नको. खर्चही कमी: योक तेच, नळी नवी, वेल्डिंग आणि पुन्हा बॅलन्स. आणि घाटासाठी 4.55 चांगलाच आहे. चिखलदऱ्याला चार माणसं घेऊन चढायचं तर मी तो इतक्यात काढणारही नाही.

तर सेंटर बेअरिंगचा बेत रद्द. उद्या खड्ड्यात उतरून बोगद्यात (गाडीच्या तळाला शाफ्टासाठी असलेल्या पन्हळीत) जागा मोजतो. मागे पोती टाकून पाटे पूर्ण दाबायचे आणि हँडब्रेकच्या केबलपाशी चहूबाजूंनी 12 मिलिमीटर तरी उरतात का ते बघायचं. उरले तर नळी नागपूरहून मागवतो. केबल आडवी आली तर तिचा ब्रॅकेट हलवीन, पण बोगदा आता कापणार नाही. तोवर नव्वदच्या वर जायचं नाही.

कुणाकडे 43-11चा सेट पडून असेल तर दोन्ही चाकांचे दात दिसतील असा फोटो पाठवा, आणि साइड शाफ्टचे स्प्लाइन मोजून कळवा. बदल्यात 39-8चा कोरा सेट द्यायला तयार आहे. कुणी अँबी शेतमाल ओढायला वापरत असेल तर त्याला तो उत्तम.