परड्यातला तलाव आणि तीन कोटेशनं

खानापूरजवळ आमच्या परड्यात पोरांसाठी पोहायचा तलाव बांधतोय: ८ मीटर लांब, ४ रुंद, सव्वा खोल, म्हणजे ४० हजार लिटर पाणी. कोटेशनं तीन आली. सगळ्यात स्वस्तात नुसतं ‘वॉटरप्रूफिंग’ लिहिलंय. कुठलं केमिकल, किती थर, पत्ता नाही. ते बाद.

आमच्याकडे पावसात विहिरी तुडुंब भरतात. तेव्हा तलाव रिकामा ठेवला, तर जमिनीतलं पाणी अख्खी टाकी वर उचलू शकतं. तळाला त्यासाठी प्रेशर सोडणारा व्हॉल्व्ह फक्त बेळगावच्या ठेकेदारानं धरलाय. महाग आहे, पण माणूस जमीन बघून बोलतो.

पंप वेग कमी-जास्त होणाराच घेणार. वेग निम्मा केला की वीज जवळपास आठव्या हिश्श्यावर येते. दुप्पट वेळ चालवला तरी बिल पाव. फिल्टर साधा वाळूचा. पाऊस सरला की खोदाई.